हाक काढली त्या रात्री

कोजागिरीचं दूध अजून आटत होतं. गच्चीवर सतरंजी पसरलेली, पत्त्यांचा डाव अर्धवट मोडलेला, आणि गिरगावात चंद्राला हल्ली टॉवर ओलांडून यावं लागतं, त्यामुळे तोही यायचाच होता.

"काका, भुताची सांगा," स्पृहा म्हणाली. "पण कोकणातली नको. तिथे प्रत्येक पिंपळाला भाडेकरू असतो."

"आणि कंदीलवाला म्हातारा पण नको," विनीत पळीने दूध ढवळत म्हणाला. "मी दिवसभर सर्व्हर सांभाळतो. मला कंदिलाची भीती नाही वाटत. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून फोन आला की वाटते."

गंगाधरकाका हसले. "मग सर्व्हरवरचीच ऐक. आपल्या मागच्याच वाडीत घडलेली आहे. ज्याच्या बाबतीत घडली, तो उन्मेष माझ्या चांगल्या ओळखीचा. त्याने स्वतः मला सांगितली. नाव बदलून सांगू का, असं मी विचारलं होतं. नको म्हणाला."

काकांनी पाय पोटाशी घेतले आणि सुरुवात केली.

*

गेल्या वर्षी, दोन ऑक्टोबर. बुधवार. गांधी जयंतीची सुट्टी आणि त्याच दिवशी सर्वपित्री अमावस्या. दुसऱ्या दिवशी घट बसायचे होते. रात्री दहाच्या सुमारास उन्मेष धैर्यवानांच्या वाडीत शिरला तो एका साध्या कामासाठी. संस्थेच्या सर्व्हरवरून एक पॅकेज काढून टाकायचं होतं. पाच मिनिटांचं काम.

आता पॅकेज म्हणजे काय, स्पृहासाठी सांगतो. कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला प्रोग्रॅम. आपण तो सर्व्हरवर बसवायचा आणि कामाला लावायचा. काढायचा असेल तर काळ्या पडद्यावर एक ओळ लिहायची. काढू का, असं सर्व्हर विचारतो. हो म्हणायचं. संपलं.

संस्था रक्तदात्यांची. परळच्या इस्पितळांतून रात्री-अपरात्री रक्ताची गरज पडते, तेव्हा त्या गटाचे दाते शोधून त्यांना कळवायचं. बस, एवढंच काम. चिंतामणी धैर्यवानांनी ती सुरू केली. टेलिफोन खात्यात जन्म गेलेला माणूस. निवृत्तीनंतर स्वतःच्या तळमजल्यावरची खोली संस्थेला दिली, सर्व्हर घेतला, वयाच्या साठीत प्रोग्रॅम लिहायला शिकला आणि एक पॅकेज लिहिलं. नाव ठेवलं 'हाक'. हाक दात्याला फोन लावायची. उचलला नाही की पुन्हा. पुन्हा. झोपलेला माणूस उठेपर्यंत. आणि फोनवर चिंतामणीचाच आवाज यायचा, त्याने स्वतः भरलेला. 'नमस्कार, मी चिंतामणी बोलतोय. तुमच्या गटाचं रक्त आत्ता हवं आहे. येत असाल तर एक दाबा.' लोक शिव्या घालत उठायचे आणि एक दाबायचे.

उन्मेष आला तो एडिंबरोहून शिकून. तिकडची नोकरी सोडून. शहरासाठी काहीतरी करायचं म्हणून आला होता, आणि ते नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं. उन्हातान्हात चाळी चाळी फिरून त्याने दात्यांची संख्या दुप्पट केली. फोनवरचं नवं ॲप लिहिलं. चिंतामणीला पोरगा फार आवडायचा. सर्व्हरच्या चाव्या, म्हणजे सगळे अधिकार, त्याने एका दिवसात उन्मेषच्या हातात दिले. अट एकच घातली.

"चाळीत सामाइक गॅलरीतली बादलीसुद्धा ज्याची त्याला विचारल्याशिवाय हलवत नाहीत," तो म्हणाला होता. "सर्व्हरवर तसंच. ज्याने ठेवलं त्याला एक फोन. मग काढ."

"काका, तेवढ्यासाठी फोन कशाला?" उन्मेषने विचारलं. "कुठलं पॅकेज कुणाला लागतं ते सर्व्हरच सांगतो."

"सर्व्हरला जेवढं दिसतं तेवढं तो सांगतो. मला फोन करायचा."

"करेन," उन्मेष म्हणाला.

नाही केला.

*

ती गोष्ट जूनमधली. एका संध्याकाळी उन्मेष साफसफाईला बसला. जुनी पॅकेजेस एकेक करून बघत होता. 'हाक' आलं. हे कुणाला लागतं, असं त्याने सर्व्हरला विचारलं. उत्तर रिकामं. कुणालाच नाही. नवं ॲप तर संदेश पाठवतंच आहे, मग हे म्हाताऱ्याचं अवजड लफडं कशाला, असं त्याच्या मनात आलं. फोन हातात घेतलाही होता. मग वाटलं, काका अर्धा तास बोलत बसतील.

काढू का?

हो.

हाक चालवणारी रात्रीची स्क्रिप्ट, म्हणजे हाकेला कामाला लावणाऱ्या चार ओळी, सर्व्हरच्या दुसऱ्याच कोपऱ्यात होती. चिंतामणीने हाताने ठेवलेली. सर्व्हरच्या यादीत ती दिसणारच नव्हती.

त्याच रात्री लालबागची एक मुलगी बाळंतपणासाठी परळला दाखल झाली. रुपाली तिचं नाव. रक्तस्राव थांबेना. आणि तिचं रक्त निघालं 'बॉम्बे' गटाचं. आपल्या शहराचं नाव लागलेला गट, हजारोंत एखाद्याचा. ओळखीतलं कुणाचंही चालत नाही. संस्थेकडे त्या गटाचे मोजके दाते. मागणी आली, ॲपने सगळ्यांना संदेश पाठवले, पडद्यावर 'पाठवले' असं उमटलं. दाते झोपलेले. फोन गप्प ठेवलेले. आणि हाक... हाक नव्हतीच.

एक दाता शीव कोळीवाड्यात राहायचा. टॅक्सीवाला. रात्रीच्या रिकाम्या रस्त्याने दहा मिनिटांवर. तो सकाळी उठला, संदेश बघितला आणि तसाच बनियनवर टॅक्सी काढून निघाला. पोचला तेव्हा पलंगावरची चादर बदलून झाली होती. बाळ वाचलं.

तिला वेळेवर रक्त मिळालं असतं तर ती वाचली असती की नाही, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. पण ते नंतरचं. त्या सकाळी उन्मेषला बातमी कळली आणि त्याला आदल्या संध्याकाळचं 'हो' आठवलं. त्याने घरूनच सर्व्हर उघडला. पॅकेज परत बसवलं. काढल्याची आणि बसवल्याची नोंद पुसली.

तासाभराने चिंतामणी खोलीत येऊन बसला. बघतो तर सगळं जागच्या जागी. हाक आहे, नीट आहे, चालतेय. मग रात्री का वाजली नाही?

"माझंच काहीतरी चुकलं," तो विश्वस्तांसमोर म्हणाला. मी होतो तिथे. उन्मेष त्याच्या शेजारच्या खुर्चीत होता. त्याने मान खाली घातली. आम्हाला वाटलं, पोराला वाईट वाटतंय.

त्यानंतर चिंतामणी रोज रात्री त्या खोलीत बसून आपली चूक शोधायचा. ओळ न् ओळ वाचायचा. त्याची बायको, कालिंदीवहिनी, वरून हाका मारायच्या, जेवायला या. श्रावणात एका सकाळी त्या चहा घेऊन खाली गेल्या, तर तो खुर्चीतच गेलेला. पुढ्यातला पडदा चालू.

*

"म्हणजे चूक नसलेल्या जागी चूक शोधत गेले ते," स्पृहा हळूच म्हणाली.

विनीतने गॅस बारीक केला.

*

तर दोन ऑक्टोबर. विश्वस्तांनी ठरवलं होतं की हाकेवर आता भरवसा नाही, काढून टाकावी. चिंतामणीचं सर्व्हरवरचं खातंही बंद करावं. काम अर्थातच उन्मेषकडे. खोलीची चावी वहिनींकडे असायची, म्हणून तो आधी वर गेला.

"ये," कालिंदीवहिनी म्हणाल्या. "जेवलास?"

"हो काकू."

"खोटं बोलतोस. तोंड बघ आरशात." त्यांनी चावी खुंटीवरून काढली, पण हातातच ठेवली. "आज सगळ्यांचे पितर जेवून गेले. यांचं अजून वर्ष व्हायचंय, म्हणून यांना पान नाही. दिवसभर कसंसंच वाटत होतं रे. घरात कुणी उपाशी बसलंय असं."

उन्मेष त्यांच्या हातातल्या चावीकडे बघत राहिला.

"उद्या घट बसतील. त्याआधी सकाळी लालबागला जाऊन येते. त्या रुपालीच्या घरी."

"कशाला, काकू?"

"माफी मागायला. यांना जायचं होतं. चूक नक्की काय झाली ते सापडलं की जातो म्हणायचे. रिकाम्या हाताने कसा जाऊ, म्हणायचे. आता ते गेले. चूक तर यांचीच ना, मग मलाच जायला हवं. तिच्या सासूने दारातून घालवून दिलं तरी चालेल."

आता सांगायचं. उन्मेष मला म्हणाला, काका, शब्द ओठांवर आले होते. पण त्याने हात पुढे केला, आणि वहिनींनी त्यात चावी ठेवली.

*

खोली लहान. जाड भिंतींची. आत मोबाइलला रेंज येत नाही, सगळ्यांना माहीत आहे. एका कोपऱ्यात सर्व्हर, त्याला जोडलेला जुना मॉनिटर आणि कीबोर्ड, समोर चिंतामणीची वेताची खुर्ची. उन्मेष त्या खुर्चीत बसला नाही. दाराजवळच्या स्टुलावर बसला, मांडीवर लॅपटॉप घेतला आणि तिथून सर्व्हरमध्ये शिरला.

ओळ लिहिली. काढू का? हो.

काढलं.

खात्रीसाठी त्याने पॅकेजांची यादी मागवली. हाक त्यात होती.

त्याला वाटलं, आपलंच काहीतरी राहिलं. पुन्हा ओळ लिहिली. काढू का? हो. काढलं. यादी मागवली.

होती.

आता असं होऊ शकतं, बरं का. दोन ठिकाणी बसवलेलं असेल, दुसरं कुणी त्याच वेळी काम करत असेल. उन्मेष शिकलेला पोरगा. घाबरला नाही. आत्ता सर्व्हरवर कोण कोण आहे ते विचारणारी एक कमांड असते. त्याने ती दिली.

दोन नावं आली.

एक त्याचं.

दुसरं... चिंतामणी.

बाहेरून कुणी त्याचं खातं वापरत असेल तर कुठून, तेही तिथे दिसतं. त्याने बघितलं. बाहेरून नव्हतं. सर्व्हरच्या स्वतःच्या कीबोर्डवरून होतं. म्हणजे याच खोलीतून. चार हातांवरून.

त्याने मान वर केली. खुर्ची रिकामी. मॉनिटर काळा.

त्या खात्यातून काय चाललंय ते बघू, म्हणून त्याने नोंद उघडली. काल रात्री... हाक तपासली. स्क्रिप्ट तपासली. जून महिन्याची नोंद वाचली. परत हाक. परत स्क्रिप्ट. परत जून. परवा रात्री तेच. त्याआधी तेच. तो मागे मागे जात राहिला. एकही रात्र सुटलेली नव्हती. श्रावणातल्या त्या सकाळपर्यंत... आणि त्या सकाळनंतरही. मध्ये खंड नव्हता. माणूस गेला ती रात्रसुद्धा सुटली नव्हती.

शोधत होता.

उन्मेषला उठायचं होतं.

मॉनिटर उजळला.

कीबोर्डवर कुणाचं बोट नव्हतं. एकही कळ खाली जात नव्हती. पण अक्षरं उमटत होती. सावकाश. एका बोटाने टाइप करणाऱ्याची असतात तशी, मध्ये थांबत थांबत.

हाक तपासली.

स्क्रिप्ट तपासली.

जून.

थोडा वेळ काही नाही. मग एक ओळ आली, ती कमांड नव्हती.

कुठे चुकलो

प्रश्नचिन्हही नव्हतं. रागावलेला नव्हता तो. उन्मेष मला म्हणाला, काका, रागावले असते तर मी पळून गेलो असतो. ते विचारत होते. मी शिकवणारा असल्यासारखं... मला विचारत होते.

पुन्हा तीच ओळ.

कुठे चुकलो

उन्मेषने लॅपटॉपवर हात ठेवले. सर्व्हरवर एकाने दुसऱ्याच्या पडद्यावर निरोप लिहायची सोय असते. बोलायला आवाजच नव्हता त्याच्याकडे. त्याने लिहिलं.

काका, तुम्ही नाही. मी. मी त्या संध्याकाळी हाक काढली. तुम्हाला फोन केला नाही. सकाळी परत बसवली आणि नोंद पुसली.

पाठवलं.

समोरच्या मॉनिटरवर ओळी उमटल्या. त्याच्या स्वतःच्या. त्याला त्या उलट्या बाजूने वाचाव्या लागल्यासारख्या वाटल्या, इतक्या परक्या.

काही नाही.

पंख्याची घरघर.

काही नाही...

वेताची खुर्ची करकरली. माणूस उठताना करकरते तशी.

उन्मेषने सर्व्हरला परत विचारलं, आत कोण कोण आहे.

एकच नाव आलं. त्याचं.

यादी मागवली. हाक नव्हती. या वेळी खरंच गेली होती. आणि ती गेल्याचं त्याला बरं वाटलं नाही. कुणीतरी आपलं सामान उचलून निघून गेल्यासारखं वाटलं.

*

तो वर गेला. वहिनींचं दार उघडं होतं. त्या देव्हाऱ्यापाशी बसलेल्या, मोबाइल मांडीवर. दिवा लावलेला होता.

"काकू," तो म्हणाला. "मला तुम्हाला... सकाळी तुम्ही लालबागला जाऊ नका. म्हणजे आधी ऐका. ते..."

"परत कशाला सांगतोस?"

"परत?"

"फोनवर सांगितलंस ना सगळं. आत्ता." वहिनींनी त्याच्याकडे बघितलं. डोळे लाल होते, पण कोरडे. "अरे, खाली बसून फोन केलास. दोन जिने चढून येववत नव्हतं का तुला? एवढे दिवस माझ्या समोर जेवलास, चहा प्यालास. यांच्या तेराव्याला पंगतीत वाढलंस तू."

"काकू, मी फोन केला नाही."

"आता पुरे."

"खालच्या खोलीत रेंज येत नाही, काकू. मी... मी तोंडाने काहीच बोललो नाही."

वहिनींनी मांडीवरच्या मोबाइलकडे बघितलं. तो दारात उभा.

मग वहिनी म्हणाल्या, "माफ केलं असं मी म्हणणार नाही. माझ्या तोंडून यायचं नाही ते. सकाळी सात वाजता ये. लालबागला आपण दोघं जाऊ. दार मी वाजवीन. बोलायचं तू."

"हो, काकू."

"आणि विश्वस्तांपुढेही तूच."

"हो."

आला तो. सातच्या आधी येऊन वाडीच्या तोंडाशी उभा होता. लालबागच्या त्या घरी काय झालं ते त्याने मला सांगितलं नाही, मी विचारलं नाही. वहिनी एवढंच म्हणाल्या की रुपालीच्या सासूने बाळ त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, धर, नीट बघ याच्याकडे. मग आत निघून गेली. अर्धा तास तो बाळाला घेऊन तसाच बसून होता.

विश्वस्तांच्या बैठकीत त्याने सगळं सांगितलं. मग संस्था सोडतो म्हणाला. वहिनी म्हणाल्या, सोडून कुठे जातोस, रात्री फोन कोण लावणार? तेव्हापासून मागणी आली की तो स्वतः फोन लावतो. एकेकाला. उठेपर्यंत. लोक शिव्या घालतात.

*

दूध उतू जायला आलं होतं. विनीतने पातेलं खाली ठेवलं, पण पेले कुणी पुढे केले नाहीत.

"आणि तो वहिनींना आलेला फोन?" त्याने विचारलं.

"संस्थेच्या नंबरवरून आलेला. हाक वापरायची त्या. उन्मेषने दुसऱ्यांदा हाक काढली, त्यानंतर पाव तासाने."

"काका, मग उन्मेषनेच केला असेल. घाबरलेला माणूस काय करतो ते त्याला आठवत नाही."

"मलाही तसंच वाटलं," गंगाधरकाका म्हणाले. "पण वहिनींच्या मोबाइलवर आलेला प्रत्येक फोन आपोआप रेकॉर्ड होतो. मुलाने करून दिलंय तसं. तो त्यांनी मला ऐकवला. आवाज उन्मेषचाच. 'काका, तुम्ही नाही. मी...' त्याने लिहिलेलं सगळं, शब्द न् शब्द. वहिनींनी तेवढं ऐकून फोन कानावरून खाली घेतला होता. पण तो बंद झाला नव्हता. पुढे चालू होता."

"पुढे काय आहे?"

"काही नाही. बराच वेळ पंख्याची घरघर. खुर्ची करकरल्याचा आवाज." काका थांबले. "मग दुसराच आवाज. शांत. एकच शब्द. 'बरं.'"

विनीतने गॅस बंद केला.

"प्रोग्रॅममधलं असेल," तो म्हणाला. "त्यांचा आवाज त्यात भरलेलाच होता ना."

"भरलेला होता. मी समोर बसलो होतो तो भरत असताना. नमस्कार. तुमच्या गटाचं रक्त हवं आहे. येत असाल तर एक दाबा." काकांनी अंगावरची शाल सारखी केली.

"'बरं' त्यात नव्हतं."